रूळ कुठवर जातात?

खानदेशात ट्राम कधी धावली नाही. तरीही ट्राममधून माल नेण्याच्या कल्पनेकडे मी जळगाव-धुळ्याकडूनच पाहतो, कारण इथला कापूस आणि केळी पिढ्यान्‌पिढ्या रुळांवर चढत आली आहेत.

मुंबईची ट्राम 1874 ते 1964 चालली, ती माणसांसाठी. वऱ्हाड-खानदेशचा कापूस कुलाब्याच्या बाजारात येई, आणि तिथून गाठी हलवायला बैलगाड्या. 1915 मध्ये पोर्ट ट्रस्टने वडाळ्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंत स्वतःची रेल्वे सुरू केली, पुढे कापसाचा बाजारही शिवडीला तिच्या कडेला गेला. वॅगन गोदीला भिडली, तेव्हा कुठे मधली चढउतार कमी झाली.

हीच चढउतार युरोपातल्या मालवाहू ट्रामचेही नशीब ठरवते. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात 2001 पासून 2020 पर्यंत फोक्सवॅगनच्या कारखान्याला सुटे भाग ट्रामने जात. एका फेरीत साधारण तीन ट्रकांचा माल. रूळ थेट गोदामापासून कारखान्यापर्यंत. ॲमस्टरडॅममध्ये 2007 मध्ये प्रयोग झाला तो दुकानांसाठी. ट्राममधून माल उतरवून छोट्या विजेच्या गाड्यांत भरायचा होता. जादा रुळांचा खर्च झेपेना, आणि 2009 मध्ये कंपनी बुडाली. झुरिचची ट्राम 2003 पासून जुने फर्निचर, भंगार गोळा करते. तिथे लोक सामान स्वतः थांब्यावर आणतात. शेवटच्या टप्प्याची हमाली फुकट! बहुधा म्हणूनच ती टिकली.

आता धुळे घ्या. कॅप्टन ब्रिग्जने 1819 नंतर आखलेल्या सरळ, क्रमांकाच्या गल्ल्या पाहिल्या की इथे ट्राम शोभली असती असे वाटते. पण चाळीसगावहून 1900 साली आलेली रेल्वे स्टेशनातच संपते. तिथून बाजारापर्यंत पूर्वी बैलगाडी, आता टेम्पो.

केळीचे दुखणे याहून नाजूक. सावदा-रावेरहून दिल्लीच्या आदर्शनगरला केळी रेल्वेने गेली आहेत. पण घड शेतातून ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टरमधून वॅगनमध्ये, तिथून पुन्हा ट्रकवर. प्रत्येक हाताळणीत साल दुखावते, तो डाग पिकल्यावर काळा पडतो आणि भाव तुटतो शेतकऱ्याचा. ट्रक मात्र बांधावरून निघतो तो थेट व्यापाऱ्याच्या वखारीत. डिझेल महाग असूनही तो का जिंकतो, याचे उत्तर मला त्या काळ्या डागात दिसते. फळ बांधावरच खोक्यात भरले आणि खोके न उघडता पुढे गेले, तर रुळांना पुन्हा संधी आहे, मग ते रेल्वेचे असोत की ट्रामचे.