बसऱ्याचा मोती : आजीच्या नथीतील ठेव

कोल्हापुरात अंबाबाईच्या मंदिराजवळील गुजरीत जुना दागिना मोडीस येतो, तेव्हा प्रथम सोन्याचा कस पाहिला जातो. मोती आणि लाख यांचे वजन वजा होते व उरलेल्या सोन्याचे दाम ठरतात. परंतु नथ, तन्मणी वा चिंचपेटी शंभर वर्षांपूर्वीची असेल, तर जे वजा झाले तेच कदाचित सोन्याहून मौल्यवान असते.

बसऱ्याचा मोती बसऱ्यात निपजत नसे. बहारीन, कुवेत या भागांतील आखाती समुद्रातून पाणबुडे शिंपले काढीत. नाव मात्र बसरा बंदराचे पडले. त्याची मोठी पेठ होती मुंबई. तेथे मोल ‘चव’ या मापाने ठरे. त्यात वजनाचा वर्ग धरला जाई. म्हणून दुप्पट वजनाच्या मोत्याची चव चौपट भरे.

१८९३ साली जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखविला. १९२० नंतर गोल कल्चर्ड मोती बाजारात आले, पुढे जागतिक मंदी आली आणि आखाताचा हा व्यापार ढासळला.

दोहोंतील भेद पोटात असतो. समुद्री कल्चर्ड मोत्यात बहुधा शिंपल्याचा घडविलेला मणी असून वर मुक्तद्रव्याचा लेप असतो. नैसर्गिक मोत्यात कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरावर थर असतात. दातावर घासल्यास दोन्ही खरखरीत लागतात. त्यामुळे ती परीक्षा केवळ काचमणी ओळखण्यापुरती. निर्णय प्रयोगशाळेतील क्ष-किरण तपासणीनेच होतो.

बडोद्याच्या गायकवाडांच्या संग्रहातील ६८ नैसर्गिक मोत्यांचा दुपदरी हार २००७ साली न्यूयॉर्क येथील लिलावात सत्तर लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेला. प्रत्येक घरची नथ त्या तोलाची नसते. पण तपासल्यावाचून तिला कवडीमोल ठरविणे हा व्यवहार नव्हे.

मोत्यामागे शिंपल्यातील जिवांची हानी असते आणि कल्चर्ड मोतीही त्यातून मुक्त नाही. म्हणूनच काही अहिंसाव्रती कुटुंबे मोती वर्ज्य मानतात. नवा मोती घ्यावा की न घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. परंतु घरात आधीच असलेला मोती घाम, अत्तर व आम्ल यांपासून जपावा, मऊ कापडात ठेवावा आणि दागिना मोडण्यापूर्वी एकवार पारखून घ्यावा. सोने पुन्हा घडविता येते. आखाताचा तो काळ पुन्हा येत नाही.