वाटा आणि सत्ता : झाडीपट्टीतल्या दोन मागण्यांचा इतिहास

मुक्तीच्या चळवळी लोकांच्या लक्षात राहतात त्या घोषणांमुळे. त्यांचे राजकारण मात्र राज्यसंस्थेपुढे ठेवलेल्या लेखी मागण्यांत अधिक स्पष्ट दिसते, कारण मागणी लिहायला बसल्यावर काय हवे आणि ते कोणी द्यायचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे टाळता येत नाहीत. ऑक्टोबर १९६६मध्ये अमेरिकेतील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम तयार केला, तेव्हा रोजगार, घरे, शिक्षण, पोलिसी अत्याचारांपासून संरक्षण अशा मागण्या त्यात आल्याच. परंतु पहिले कलम होते ते कृष्णवर्णीय समाजाला आपले भवितव्य स्वतः ठरवण्याची सत्ता असावी, हे. राष्ट्राच्या संपत्तीतील न्याय्य वाटा मागणे आणि आपल्या वस्तीचा कारभार आपल्या हाती मागणे, या दोन भिन्न जातीच्या मागण्या आहेत. पहिली मान्य केली तरी देणारा देणाऱ्याच्याच जागी राहतो. दुसरी मान्य केली की त्याची जागाच बदलते. चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीतल्या, म्हणजे जंगलाच्या, जिल्ह्यांत (२६ ऑगस्ट १९८२पर्यंत हा एकच जिल्हा होता) या दोन मागण्या दोन वेगळ्या समाजांनी केल्या, आणि पुष्कळदा त्या एकाच जमिनीविषयी होत्या.

महाराष्ट्रातील जातिमुक्तीच्या विचाराचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी असलेले नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकी जनांना; १९४६मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आणि १९७२मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. या नावाचा गाजावाजा इतका झाला, की त्याआधीच्या एका मागणीपत्राकडे अभ्यासकांचेही दुर्लक्ष होते. आंबेडकरी चळवळीतील रिपब्लिकन पक्षाने १९६४मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद सादर केली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह करून लाखो कार्यकर्त्यांनी अटक करवून घेतली. ही सनद ओकलंडच्या कार्यक्रमाच्या दोन वर्षे आधीची आहे. दहा हा आकडा दोहोंत सारखा असणे हा निव्वळ योगायोग होय. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमिनीचे भूमिहीनांना वाटप, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धर्मांतरित बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, अशा त्या मागण्या होत्या. सन्मान आणि वाटा यांची ती सनद होती. स्वतंत्र अधिकारक्षेत्र तिने मागितले नाही.

या सनदेला चंद्रपुरात ऐकणारे कान आधीपासूनच होते. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली होती, आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झालेले बॅ. राजाभाऊ खोब्रागडे हे येथलेच. ‘पडीक जमीन’ या शब्दांचा अर्थ मात्र झाडीपट्टीत वेगळा होत असे. मराठवाड्यात गायरान म्हणजे गावाची चराऊ जमीन होती; येथे शेतीला लावता येण्याजोगी मोकळी जागा बहुधा वनखात्याच्या नकाशात येत असे. भूमिहीनांनी झुडपे तोडून ती कसायला घेतली, की तिला ‘जबरानजोत’ हे नाव मिळाले. नावातच जबरी आहे, म्हणजे आरोप आधी आणि चौकशी मागाहून. १९७८च्या शासननिर्णयाने १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातील अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. परंतु १९८०च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीच्या अन्य वापरासाठी केंद्राची पूर्वसंमती आवश्यक केली आणि उरलेले अर्ज लोंबकळत राहिले.

गोंड आणि माडिया समाजांच्या मागणीची वाट दुसरीकडून येते. इंग्रजांविरुद्धच्या १८५८च्या उठावाबद्दल गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी देण्यात आली, तेव्हा नागपूरचे राज्य खालसा होऊन पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. त्यानंतरच्या वनकायद्यांनी राखीव आणि संरक्षित असे जंगलाचे वर्ग पाडले, आणि जंगलातून घरगुती गरजेपुरते लाकूड, चारा, बांबू घेण्याचा जो ‘निस्तार’ परंपरेने चालत आला होता, तो हक्काऐवजी मेहेरबानीचा विषय झाला. १९६२मध्ये चांद्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेलेले लालश्यामशाह यांनी वेगळ्या गोंडवाना राज्याची मागणी धरून ठेवली. दोनच वर्षांत त्यांनी खासदारकीचा राजीनामाही दिला. गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध १९८४मध्ये उभ्या राहिलेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात तेही होते आणि बाबा आमटेही होते. धरणे मागे पडली. आंदोलनातून गावी परतलेल्या लोकांनी पुढे जे केले, ते धरणाच्या विरोधापेक्षाही दूरवरचे ठरले.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा स्वीकारली. तिच्या पूर्वार्धाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण मर्म तेथेच आहे : दूरचे सरकार ती नाकारत नाही, त्याची हद्द आखून देते. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने या गावात बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पडली आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसू लागले. १९९६च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याने, आणि २००६च्या वनहक्क कायद्याने या रिवाजाला कायद्याचा आधार मिळाला. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मान्य झाला. तरीही बांबूची विक्री अडली, ती वाहतूक परवान्यापाशी. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत बांबू २०१७पर्यंत ‘झाडा’त मोडत होता, तर वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज; बल्लारपूरच्या कागद कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या हे झाड देताना कोणाला वनस्पतिशास्त्र आठवले नव्हते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. हक्काचा पट्टा हा वाटा होता, परवान्याचे पुस्तक ही सत्ता होती. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने, २०१२मध्ये सुमारे १,००० हेक्टरांचा हक्क मिळाल्यावर, ही सत्ता उलट्या दिशेनेही वापरून दाखवली : तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि वणवे लावले जातात, म्हणून हमखास पैसा देणारा हा हंगामच ग्रामसभेने बंद केला. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या प्रश्नावर मात्र तेथल्या डोंगरावरील ठाकूरदेवाला मानणाऱ्या गावांचा नकार खाण थांबवू शकलेला नाही.

दोन्ही मागण्यांची गाठ पडते ती वनहक्क कायद्याच्या एका अटीत. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला हक्क मिळतो. पण इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथील वास्तव्य सिद्ध करावे लागते. झाडीपट्टीतील जबरानजोतधारक बौद्ध शेतकऱ्याला हा हिशेब १९३०पर्यंत मागे नेतो, आणि त्या काळी ज्याच्या नावावर जमीन नव्हती त्याच्या आजोबाचा कागद कोणत्या दप्तरात सापडावा, हे कायदा सांगत नाही. नियमांनी मात्र एक दार उघडे ठेवले आहे : कागदाइतकाच गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा मानला जातो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर एखाद्या विशिष्ट पुराव्याचाच आग्रह धरता येत नाही. हा जबाब घेते ग्रामसभेची वनहक्क समिती, जिच्यात आदिवासी सदस्यांचे प्रमाण किमान दोन तृतीयांश असते. म्हणजे वाटा मागणाऱ्या शेतकऱ्याचा दावा प्रथम ज्यांनी सत्ता मागितली त्यांच्यापुढे येतो, आणि तेथे मान्य झाला तरी उपविभागीय समितीची तपासणी होऊन निर्णय जिल्हास्तरीय समितीकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होतो.