खाटेवरून उठताना

रुग्णालयात पेशंट पडतो तो अनेकदा रात्री, खाट ते संडास एवढ्याशा वाटेवर. आडवा माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांना ते कळतं, हृदय वेग वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतात. म्हातारपण, जुलाब, रक्तदाबाच्या गोळ्या यांमुळे हे सावरणं कमी पडतं. तीन मिनिटांत वरचा दाब 20 अंकांनी उतरला, तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. त्यात रत्नागिरीचा जुलै: निथळत्या छत्र्या, ओली फरशी, झिजलेली स्लिपर.

सोबत राहणाऱ्यांनो, आधी पाय खाली सोडून पेशंटला दोन मिनिटं बसवा. झोपण्यापूर्वी लघवीला नेऊन आणा. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आणि सलाईनचा स्टँड आधाराला धरू देऊ नका, चाकांवरचा असला तर तो सरकतो.