कोपीतली थंडी कोठून येते?



गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना या बाजूंच्या टोळ्या कराड भागात उतरतात. पाथर्डी, आष्टी, पाटोद्याकडची ही माणसे मार्चपर्यंत बांबू, ताडपत्री नि पाचटाच्या कोपीत राहतात. पौषातली कृष्णा-कोयनाकाठची थंडी आपणांस सांगायला नको. कोपीत ती कोठून शिरते हे मात्र पाहावे, म्हणजे उपाय सापडतो.

बरीचशी थंडी खालून येते. रात्री गार हवा जड होऊन सखल जागी साचते; त्यात बागायती जमिनीची ओल. ओली जमीन अंगातली ऊब लवकर ओढते. म्हणून टोळीला नदीकाठची किंवा पाटाखालची पड जागा दाखवू नये. उंचवट्याची, कोरडी, झाडांचा किंवा बांधाचा आडोसा असलेली द्यावी. हिवाळी वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो. कोपीचे तोंड तिकडे नको.

अंथरुणाखाली आधी प्लॅस्टिकचा कागद, त्यावर वीतभर कोरडे पाचट, वर पोती. पाचटात अडकलेली हवाच ऊब धरते, म्हणून ते दबले, ओलावले की बदलावे. पाचट जाळू नका, कुजवा, असे आम्ही दर सभेत सांगतो. त्यातले चार भारे कोपीला गेले तर जमिनीचे काही बिघडत नाही!

आता विस्तवाचे. माझ्या मते थंडीपेक्षा मोठा धोका हाच. सुक्या पाचटाला एक ठिणगी पुरे. दोन कोप्यांत अंतर ठेवायला सांगावे. आणि दार लावून आत निखाऱ्याचे घमेले ठेवले, की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला ना वास, ना रंग. धूर थांबला तरी निखाऱ्यातून तो निघतच राहतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. शेकोटी बाहेरच, कोपीपासून लांब करावी नि निजण्यापूर्वी पाण्याने विझवावी. जळणाला तुराट्या, वाळकी लाकडे आपण द्यावीत.

तान्ह्या पोरांचे तर फारच जपावे. पहाटे आई तोडीला लागते नि पोर बांधावर निजते. त्याचे डोके झाकलेले, कपडे कोरडे हवेत. पोराचे अंग गार, ते सुस्त, दूध ओढत नाही असे दिसले, तर आईने त्याला उघड्या छातीशी घेऊन वर पांघरूण घ्यावे आणि लगेच दवाखाना गाठावा. फडाचे काम तेवढा वेळ थांबेल. गाडी आपण काढावी.

घरातली जुनी घोंगडी, रग, पोती गट ऑफिसात आणून द्यावीत. चिटबॉय ती टोळीवार पोचवतील.