नेत्रांकित दीर्घशृंगी भुंगेरा

कोलिऑप्टेरा गणातील सेरँबिसिडी कुलाच्या लॅमिइनी उपकुलातील एक कीटक. शास्त्रीय नाव ओबेरिया ऑक्युलेटा. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले. यूरोपात व तेथून पूर्वेस सायबीरियापर्यंत हा आढळतो.

शरीर सडपातळ, दंडगोलाकार व सु. १·५ ते २ सेंमी. लांब असते. डोके काळे, तर अग्रवक्ष, पाय व शरीराची खालची बाजू नारिंगी असते. पंखावरणे करड्या लवेने आच्छादलेली असून त्यांवर बारीक खळग्यांच्या ओळी असतात. कुलाचे नाव दीर्घशृंगी असले, तरी या जातीच्या शृंगिका शरीरापेक्षा किंचित आखूडच असतात. अग्रवक्षाच्या पाठीवर दोन वाटोळे काळे ठिपके असून ते डोळ्यांसारखे दिसतात. ‘ऑक्युलेटा’ म्हणजे ‘डोळे असलेली’ हे नाव त्यांवरूनच पडले आहे. दृष्टीशी त्यांचा काही संबंध नसतो. खरे संयुक्त नेत्र डोक्यावर, शृंगिकांच्या बुडाशी असतात.

हा कीटक वाळुंजाच्या (सॅलिक्स) प्रजातीतील झाडांवर जगतो. प्रौढ उन्हाळ्यात त्यांची पाने खातात. मादी कोवळ्या, जिवंत फांदीची साल कुरतडून तीत एकेक अंडे घालते. अळी गाभा पोखरीत सु. ३० सेंमी. लांबीचा बोगदा करते व सालीला पाडलेल्या छिद्रांतून भुसा बाहेर टाकते. ती बोगद्यातच कोषावस्थेत जाते. जीवनचक्रास एक, क्वचित दोन वर्षे लागतात.

टोपल्या विणण्यासाठी या झाडांच्या फोकांची लागवड करतात, तेथे हा कीटक उपद्रवी ठरतो. कारण पोखरलेला फोक विणकामास निरुपयोगी होतो. उलट ब्रिटनमध्ये तो दुर्मिळ असून केंब्रिजशरमधील पाणथळ प्रदेशापुरताच उरला आहे. तेथील बहुतेक पाणथळ जमिनींतील पाणी सतराव्या शतकापासून काढून त्या लागवडीखाली आणल्या गेल्या. मृत लाकडावर वाढणाऱ्या अनेक दीर्घशृंगी भुंगेऱ्यांप्रमाणे वाळलेली खोडे राखून याचे रक्षण होत नाही. त्यासाठी ओल्या जमिनीवर वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या सतत फुटत राहाव्या लागतात.

सोयाबीनचे नुकसान करणारा, महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा चक्री भुंगा (ओबेरिऑप्सिस ब्रेव्हिस) हा याचा जवळचा नातेवाईक असून पूर्वी त्याचा समावेश ओबेरिया प्रजातीतच करीत. त्याची मादी खोडावर वा देठावर दोन वलये कुरतडून त्यांमध्ये अंडे घालते आणि अळी आतून खोड पोखरते.