पहिल्या भेटीची धास्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कारंजा लाडच्या एसटी स्टँडवर अकोल्याच्या गाडीत चढणाऱ्याला कुणीतरी ओळखीचं विचारतंच, ‘कुठं निघाले?’ लिंगबदलाच्या उपचारांसाठी पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवायला निघालेल्या माणसाला तेवढ्या प्रश्नानंही घाम फुटतो. पण या धास्तीचा मोठा भाग ऐकीव गोष्टींवर पोसलेला असतो.

गैरसमज : पहिल्याच दिवशी हार्मोनचं इंजेक्शन देतात.
वस्तुस्थिती : पहिली भेट बहुतेक बोलण्यातच जाते. काय वाटतं, कधीपासून वाटतं, आधीचे आजार, चालू औषधं, तंबाखू-सिगारेट अशी विचारपूस होते. मग हिमोग्लोबिन, साखर, यकृत, कोलेस्टेरॉल, हार्मोनची पातळी अशा रक्ततपासण्या लिहून देतात. शस्त्रक्रिया तर फार पुढची गोष्ट, आणि तीही एका झटक्यात होत नाही. बीड पोलीस दलातल्या ललित साळवे यांच्या लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात २०१८ पासून टप्प्याटप्प्यानं झाल्या.

गैरसमज : मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं म्हणजे वेड्यात काढलं.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ट्रान्स असण्याची गणना मानसिक आजारांत नाही. उपचारांचा निर्णय तुम्ही समजून-उमजून घेताय ना, मनावर इतर कसला ताण आहे का, हे पाहणं हे या तज्ज्ञांचं काम. ‘ट्रान्सपण घालवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच ठरवलं आहे.

गैरसमज : लहानपणापासूनची गोष्ट बिनचूक सांगितली नाही, तर नापास करतात.
वस्तुस्थिती : कुणाला आठव्या वर्षी उमगतं, कुणाला तिशीत. ‘नक्की ठाऊक नाही’ हेही चालणारं उत्तर आहे. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा खरं उत्तर डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतं. शारीरिक तपासणी तुमच्या संमतीनंच होते. ती कशासाठी हे विचारता येतं, सोबतच्या माणसाला आत थांबू द्या असंही सांगता येतं.

गैरसमज : आधीच गोळ्या घेतल्याचं कळलं, तर डॉक्टर हाकलून देतील.
वस्तुस्थिती : हेच सर्वांत आधी सांगा. शरीर बायकी व्हावं म्हणून अनेक जण मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानंच घेतात. माला-डीसारख्या गोळीत एथिनिल एस्ट्रॅडिओल असतं. त्यानं रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, सिगारेट ओढत असाल तर आणखीच. त्यामुळे लिंगबदलाच्या उपचारांत हे औषध आता वापरत नाहीत. गोळीचं पाकीट सोबत न्या.

गैरसमज : हार्मोन घेतले की सगळंच पालटतं.
वस्तुस्थिती : टेस्टोस्टेरॉननं आवाज फुटतो आणि पुढे तसाच राहतो. इस्ट्रोजेननं मात्र आवाज बारीक होत नाही, त्यासाठी सराव लागतो. प्रजननक्षमता कमी होऊ शकते, म्हणून शुक्राणू किंवा स्त्रीबीज साठवण्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. पण टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो.

गैरसमज : घरच्यांची सही लागतेच.
वस्तुस्थिती : अठरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीची संमती तिची तिनंच द्यायची असते. तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय घरी कळवणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नाही.

गैरसमज : यासाठी थेट मुंबईच गाठावी लागते.
वस्तुस्थिती : सुरुवात अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीतून करता येते. समृद्धी महामार्गामुळे नागपूरही जवळ आलं आहे. तिथं सारथी ट्रस्ट ही संस्था ट्रान्स समुदायासोबत काम करते.

जाण्याआधी तीन गोष्टी करा. प्रश्न कागदावर लिहून घ्या, कारण ऐनवेळी निम्मे विसरतात. जुने रिपोर्ट पिशवीत टाका. कोणत्या नावानं हाक मारलेली आवडेल, ते आत गेल्या गेल्या सांगा. रात्री झोपच लागत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. आणि डॉक्टर नीट वागले नाहीत, तर डॉक्टर बदला, उपचारांचा विचार सोडू नका.