सेलेनियमयुक्त यीस्ट : डबींतील औषध आणि डबींतील विष

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस शेगांव तालुका आहे. २०२४ च्या डिसेंबरांत आणि २०२५ च्या जानेवारींत तेथील बोंडगांव, कालवड, हिंगणा आदि खेड्यांतील लोकांच्या डोक्यावरचे केस एकाएकीं गळूं लागले. आधीं डोकें खाजे, आणि मग तीन-चार दिवसांत हात लावतांच केसांचे झुबके हातांत येत. रोग्यांत तरुण मुली पुष्कळ होत्या. त्यांनीं कॉलेजांत जाणें सोडलें. पाणी वाईट असेल, बुरशी असेल, असे नाना तर्क झाले. महाड येथील डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांचें नांव विंचूदंशावरील उपचारांमुळें महाराष्ट्रास ठाऊकच आहे. त्यांनीं शेगांवास जाऊन रोग्यांचें रक्त, लघवी व केस आणि त्यांच्या घरचा गहूं तपासून घेतला. त्या गव्हांत किलोमागें सुमारें साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम निघालें. स्थानिक गव्हाच्या मानानें तें सहाशें पट होतें. गहूं स्वस्त धान्य दुकानांतला, आणि मूळचा पंजाबकडचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर वादही झाला. परंतु रोग्यांच्या अंगांत सेलेनियम वाढलें होतें ही गोष्ट मात्र त्या निमित्तानें सर्वांच्या कानीं गेली.

आतां यांतील विलक्षण गोष्ट ही कीं, ज्या द्रव्याच्या अतिरेकानें केस जातात, तेंच द्रव्य केस वाढावेत म्हणून विकत मिळतें. औषधविक्रेत्याच्या कपाटांत 'केस, त्वचा व नखें यांसाठीं' म्हणून ज्या गोळ्या असतात, त्यांतील कित्येकींत सेलेनियम असतें, आणि पुष्कळदां तें यीस्टच्या रूपानें घातलेलें असतें. मुंबई-पुण्यास नोकरीला असलेला मुलगा अशी एखादी बाटली बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, लोणार तालुक्यांतील बीबी गांवीं राहणाऱ्या आईवडिलांस प्रेमानें पाठवितो. बाटलीवरचा मजकूर इंग्रजींत, अक्षर बारीक. आईला तो वाचतां येत नाहीं, वडिलांचा चष्मा सांपडत नाहीं. अशा वेळीं त्या बाटलीचें घरांत काय होतें, हा प्रश्न शहरांतल्या मुलानेंच आधीं विचारांत घेतला पाहिजे.

प्रथम हें यीस्ट म्हणजे काय तें पाहूं. पाव फुगविण्यास जें किण्व वापरतात, त्याच जातीचे हे सूक्ष्म जीव. साखरेच्या मळींत त्यांना वाढवितांना सेलेनियमचा क्षार थोडाथोडा दिला जातो. सेलेनियम हें गंधकाचें सख्खें भावंड. इतकें सारखें कीं, यीस्टची पेशी फसते आणि आपल्या प्रथिनांत गंधकाच्या जागीं सेलेनियम बसविते. मग तें यीस्ट धुवून, उष्णतेनें मारून वाळवितात व त्याची पिवळट-तपकिरी पूड करतात. हें यीस्ट मेलेलें असतें. त्यानें पीठ फुगत नाहीं. ही पूड दिसते मात्र अगदीं साध्या यीस्टसारखी, आणि खरा धोका येथेंच आहे.

शरीरास सेलेनियम लागतें, हें खरें. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८१७ सालीं हें मूलद्रव्य शोधून त्यास चंद्रदेवतेचें नांव दिलें. पुढें १४० वर्षें तें केवळ विष म्हणूनच ओळखलें गेलें. १९५७ सालीं श्वार्झ व फोल्ट्झ यांनीं उंदरांच्या यकृतास तें आवश्यक असल्याचें दाखविलें. चीनमध्यें केशान नांवाच्या भागांत जमिनींत सेलेनियम फार कमी. तेथील मुलांना व तरुण बायकांना हृदयाचा घातक विकार होत असे. त्याच देशांत एन्शी येथें जमिनींत तें फार जास्त. तेथें १९६० च्या सुमारास लोकांचे केस व नखें गळलीं. एकाच देशांत एका टोंकास अभाव आणि दुसऱ्या टोंकास अतिरेक, आणि दोन्हींकडे माणसें आजारी! मधली पायवाट इतकी अरुंद आहे.

ती किती अरुंद, तें आंकड्यांनींच कळेल. आपल्याकडील वैद्यकीय संशोधन परिषदेनें प्रौढ माणसास दिवसास ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरेसें मानलें आहे. अमेरिकेंत यापलीकडे जाऊं नये अशी जी मर्यादा ठरविलेली आहे, ती ४०० मायक्रोग्रॅमची. युरोपांत २०२३ सालीं ती २५५ वर आणली गेली. गोळींत सामान्यतः ५० ते २०० मायक्रोग्रॅम असतें. पण कारखान्यांत गोळ्या किंवा पशुखाद्य करण्यासाठीं जी मूळ पूड येते, तिच्या एका ग्रॅममध्यें सुमारें २,००० मायक्रोग्रॅम असूं शकतें. अशी पूड चहाच्या चमच्यानें, म्हणजे अदमासें तीन ग्रॅम, कोणी आमटींत किंवा ताकांत घातली, तर पोटांत ६,००० मायक्रोग्रॅम गेले. ही दीडशें दिवसांची गरज एका घोटांत झाली! शेगांवच्या गव्हाचा हिशेब याच जातीचा आहे : किलोस साडेचौदा मिलिग्रॅम, आणि दिवसास पाव किलो गव्हाची पोळी, म्हणजे ३,६०० मायक्रोग्रॅमहून अधिक. म्हणून सुटी पूड घरांत आणूंच नये, हें उघड आहे. वजन करण्यास घरांत जो तराजू असतो, तो इतक्या सूक्ष्म मापाचा नसतो. चमचा तर मुळींच नसतो.

गोळी घेणारानेंही अंधपणानें चालूं नये. २००८ सालीं अमेरिकेंत एका पेय-औषधांत मिश्रण करतांना चूक झाली; एका मात्रेंत २०० मायक्रोग्रॅम असावयाचे, तेथें ४०,८०० असल्याचें आढळलें. २०१ माणसांना त्रास झाला. जुलाब, थकवा, सांधेदुखी, आणि अर्थातच केस गळणें. बाटलीवरचा छापील आंकडा बरोबर होता. आंतला माल बरोबर नव्हता. यावरून बॅचक्रमांक किती मोलाचा, हें लक्षांत येतें. रिकामी झाली म्हणून बाटली टाकूं नये, निदान तिचें वेष्टण कांहीं महिने जपून ठेवावें. खरेदी करतांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी परवानाक्रमांक पाहावा. आणि दोन निरनिराळ्या गोळ्यांत सेलेनियम आहे काय, तें ताडून पाहावें. केसांची गोळी, जीवनसत्त्वांची गोळी आणि ब्राझीलचा मेवा, अशी तिहेरी भर पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. त्या मेव्याच्या एका दाण्यांतसुद्धां दिवसाच्या गरजेहून अधिक सेलेनियम असूं शकतें.

आतां ठेवण्याविषयीं. अशा बाटलीवर बहुधा २५ अंशांखालीं, कोरड्या जागीं ठेवावी असें लिहिलेलें असतें. बीबीस वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि पत्र्याचें छत असेल तर घरांतही दुपारीं निवारा उरत नाहीं. यीस्ट हें प्रथिनांनीं व जीवनसत्त्वांनीं भरलेलें असतें. उष्णतेनें तें काळवंडतें, त्याला कुबट वास येतो, आणि पावसाळ्यांत ओलावा ओढून त्याचे गोळे होतात. चुलीजवळचें फडताळ, खिडकीची कड, मोटारींतला कप्पा या जागा वर्ज्य समजाव्या. माठाजवळ जागा थंड असते खरी, पण ओलसर असते. भिंतीच्या सावलींतलें, मुलांचा हात न पोंचेल असें बंद कपाट बरें. शीतकपाटांत ठेवावयाची तर घट्ट झांकण लावून ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीइतकी कोमट झाल्याखेरीज उघडूं नये. नाहींतर हवेंतली वाफ आंत थंड गोळ्यांवर जमते. आंतली ओलावा शोषणारी पुडी फेंकूं नये. ओल्या हातानें गोळी काढूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें : मूळ बाटलींतून काढून हळदीच्या, पापडखाराच्या किंवा खमिराच्या जुन्या बरणींत ती भरूं नये. बरणीवरचें नांव एकदां पुसलें कीं, पुढें घरांत येणारी सून किंवा स्वयंपाकीण तें पीठ काय आहे हें कशावरून ओळखणार?

येथें एक समजूत दूर केली पाहिजे. पुष्कळांना वाटतें कीं, मुदत संपलेली गोळी 'निर्जीव' होते, फार तर गुण देत नाहीं. यीस्टपुरतें तें कांहीं अंशीं खरें असेल. पण सेलेनियम हें मूलद्रव्य आहे; तें शिळें होत नाहीं, उडून जात नाहीं, उकळल्यानें मरत नाहीं. मुदत संपलेल्या पुडीच्या अंगीं गुण उरत नाहीं, पण विष तेवढेंच राहतें. डॉक्टर बावस्करांच्या तपासणींत धुतलेल्या गव्हांतही किलोस साडेतेरा मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम राहिलें होतें, तें याच कारणानें. तें दाण्याच्या प्रथिनांत शिरलेलें असतें, वर चिकटलेलें नसतें. म्हणून जुनी पूड 'वाया कां घालवावी' म्हणून गाई-म्हशींच्या अंबोणांत किंवा कोंबड्यांच्या दाण्यांत टाकणें हा तर शुद्ध अविचार होय. जनावरांनाही हेंच विष बाधतें. शेपटीचे केस झडतात, खूर सुटतात. टाकाऊ माल बंद पिशवींत घालून, मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवून, औषधांच्या कचऱ्याबरोबर द्यावा.

कुक्कुटपालन किंवा दुग्धव्यवसाय करणारांच्या गोठ्यांत हीच पूड पोत्यांनीं येते. तेथें पोतें झटकून ओतण्याची रीत घातक आहे. धूळ श्वासांत जाते, डोळे चुरचुरतात, आणि कोंदट खोलींत अशी सेंद्रिय धूळ ठिणगीनें पेट घेऊं शकते. नाकातोंडावर योग्य मुखपट, हातमोजे, वारा खेळता, आणि बिडी-काडी दूर. सांडलेली पूड केरसुणीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी, आणि जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे.

मूल चुकून गोळ्या खाऊन बसलें, तर तोंडांत बोटें घालून वांति करविण्याच्या भानगडींत पडूं नये; बाटली हातांत घेऊन सरळ दवाखाना गांठावा. सेलेनियमवर खास उतारा असा नाहीं. तें घेणें थांबवावें लागतें आणि शरीर हळूहळू तें बाहेर टाकतें. श्वासाला लसणाचा वास, तोंडांत धातूची चव, मळमळ, बोटांना मुंग्या या खुणा आधीं दिसतात. केस त्यानंतर. नखें तर सर्वांत मागाहून, कारण नख सावकाश वाढतें. शेगांवकडील कांहीं रोग्यांचीं नखें गळूं लागल्याच्या बातम्या २०२५ च्या एप्रिलांत आल्या. तोंवर केस गळण्यास आरंभ होऊन तीन-चार महिने लोटले होते.